गाडीच्या राखणदाराची भूक

नागपूरच्या प्रताप नगरात रात्री अकरा-साडेअकराला दिवे मालवतात. त्यानंतर घरात जागा राहतो तो फ्रिज, उन्हाळा असेल तर कूलर, आणि अलीकडे फाटकाबाहेर उभ्या गाडीतला कॅमेरा. पहिल्या दोघांचं बिल महावितरण पाठवतं. तिसऱ्याचं बिल गाडी स्वतः देते, तेही सकाळी नऊला, ऑफिसच्या ऐन गडबडीत. किल्ली फिरवावी तर बॉनेटखालून नुसतं कट्-कट्-कट्-कट्.

हा आवाज आता गल्लीत सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. जाणकार मंडळी गॅलरीत चहा पिता पिताच निदान करतात, "बॅटरी गेली बे याची!" त्या उद्गारात हळहळ दहा टक्के असते आणि समाधान नव्वद. कारण ज्याची गाडी कट्-कट् करते आहे, त्यानेच मागच्या आठवड्यात साऱ्या गल्लीला मोबाइलवर आपल्या नव्या डॅशकॅमचं रात्रीचं चित्रण दाखवलेलं असतं.

कॅमेरा लागला याचं कारण ओरखडा. नागपूर सुधार प्रन्यासने इकडे लेआउट पाडले तेव्हा माणसाकडे सायकल असायची, फार तर लूना. घराला फाटक, फाटकाच्या आत लूना आणि लूनाशेजारी तुळस, अशी ती व्यवस्था होती. आता त्याच प्लॉटवर स्कीम उभी राहते. इतर शहरांत जिला अपार्टमेंट म्हणतात तिला आमच्याकडे स्कीम म्हणतात, आणि पार्किंगपुरतं ते नाव अगदी बरोबर आहे. फ्लॅट आठ, पार्किंग सहा, गाड्या अकरा. उरलेल्या गाड्या रस्त्यावर कडुनिंबाखाली. तिथे रात्री निंबोळ्या पडतात, कुत्री टपावर झोपतात, गाय बंपरला पाठ घासते, आणि पाण्याच्या कॅन पोहोचवणारा छोटा हत्ती टेम्पो दोन गाड्यांच्या मधून असा जातो की दोन्हींचे आरसे दबकून आत वळतात. सकाळी दारावर एक लांबच लांब रेघ दिसते. रेघ कोणी ओढली हे गाय सांगत नाही, छोटा हत्ती तर नाहीच नाही.

म्हणून कॅमेरा. डॅशकॅम हा मुळात गाडी चालवतानाचा साक्षीदार, आणि त्या कामात तो उत्तम आहे. २०२३ साली आलेल्या ह्युंदाई एक्स्टरसारख्या लहान गाडीतही कंपनीच तो देऊ लागली. त्याची खरी जाहिरात मात्र रशियाने केली. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, ती कामाला निघालेल्या शेकडो लोकांच्या डॅशकॅममध्ये सापडली आणि त्या चित्रणांवरून शास्त्रज्ञांनी तिचा आकाशातला सगळा मार्ग मोजून काढला. आमच्या विदर्भात लोणारला याहून कितीतरी मोठी उल्का पडली होती. त्या वेळी एकाही गाडीत कॅमेरा नव्हता, परिणामी सरोवराचं वय कोणी पन्नास हजार वर्षं सांगतं, कोणी साडेपाच लाखांहून जास्त. पुराव्याअभावी प्रकरण अजून सुरू आहे.

पण प्रताप नगरच्या माणसाला उल्केशी देणंघेणं नाही. त्याला रेघ ओढणारा हवा आहे. आणि रेघ गाडी उभी असताना ओढली जाते. म्हणजे गाडी बंद, मालक झोपलेला, आणि कॅमेरा मात्र टक्क जागा पाहिजे. या राखणदाराची अडचण एकच आहे. तो ज्या घराची राखण करतो, त्याच घरातलं धान्य खातो.

ॲक्सेसरीच्या दुकानातला पोरगा या अडचणीला अडचण मानत नाही. "काका, टेन्शन नका घेऊ ना. डायरेक्ट देऊन देतो. चोवीस तास चालून राहील." डायरेक्ट हा नागपुरातल्या वायरिंगचा मूलमंत्र आहे. देवघरातला दिवा डायरेक्ट, बोअरवेलची मोटर डायरेक्ट, लग्नाच्या मांडवातली रोषणाई तर थेट खांबावरूनच. पोराने दिलेला शब्दही खोटा नसतो. चोवीस तास चालतं खरं. त्यानंतरच्या तासांबद्दल तो काही बोललेला नसतो.

हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे. साध्या पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-तासांची. डॅशकॅम खातो पाव ते अर्धा अँपिअर. आपण ०.३ धरू. रात्रीचे दहा तास म्हणजे ३ अँपिअर-तास, काहीच नाही. अख्ख्या दिवसाचे ७.२, तेही खपून जातं. मग येतं अमरावतीला चुलत साळ्याचं लग्न. हळद, लग्न, रिसेप्शन असे तीन दिवस, जाणं-येणं रेल्वेने, गाडी कडुनिंबाखाली. एकूण २१.६. अर्ध्याहून जास्त बॅटरी साफ. त्यात गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक हे जुने आश्रित वेगळे, थोडं थोडं चाखणारे.

आता अर्धी संपली म्हणजे अर्धी उरली, असं आपल्याला वाटतं. स्टार्टर मोटरला तसं वाटत नाही. तिला इंजिन फिरवायला क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर लागतात आणि ते अर्धपोटी बॅटरीला बरेचदा झेपत नाहीत. ती कशीबशी रिले ओढते, व्होल्टेज बसतं, रिले सुटतो, व्होल्टेज उठतं, पुन्हा ओढते. तेच ते कट्-कट्. गंमत अशी की तुडुंब भरलेली बॅटरी विसावल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी झालेली १२.२ आणि जवळजवळ मेलेली ११.८. जीवन आणि मरण यांत एका व्होल्टचंही अंतर नाही.

या एका व्होल्टाच्या आतल्या नाट्याचे आमच्या गल्लीतले सर्वात मोठे अभ्यासक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा छोटा व्होल्टमीटर आणला. सकाळी बीपीची नोंद होते त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात गाडीची नोंद होते. १३०/८४, १२.३. रात्री गाडी लावल्या लावल्या पाहिलं की १२.८ दिसायचे आणि काका खूश. मग सकाळी १२.४ पाहून रात्रीची झोप गेल्यासारखा चेहरा. इंजिन बंद केल्यावर तासभर तरी बॅटरी असा फुगवलेला आकडा दाखवते, तो खरा मानायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगायचं? ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं इतरांचे ताळेबंद तपासले, त्याला फुगवलेला आकडा ओळखता येत नाही असं म्हणण्याची आमची टाप नाही.

मुळात ही बॅटरी म्हणजे म्हातारी बाई आहे. शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून वीज साठवण्याची युक्ती गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली काढली. म्हणजे आपल्याकडे सत्तावनचा उठाव नुकता कुठे शमला होता. तिच्यात सुधारणा झाल्या, पण शिसं तेच आणि आम्लही तेच. तिला १९१२ पासून एक नेमकं काम मिळालं. चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसवला, हँडल मारून मनगट मोडण्याची लोकांची पाळी संपली, आणि बॅटरीच्या नशिबी दोन सेकंद जोर लावायचा व उरलेला दिवस आराम करायचा अशी सन्मानाची नोकरी आली. आता तिला सांगताय रात्रभर थेंब थेंब दे. ती देते. पण अर्ध्याखाली वारंवार उतरली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग भरली तरी पूर्वीइतकी भरत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो कॅमेऱ्यापेक्षा बराच स्वस्त आहे. हार्डवायर किट नावाची काड्यापेटीएवढी डबी. बहुतेक किटमध्ये तीन वायर असतात. पिवळी जाते चोवीस तास करंट असलेल्या फ्यूजवर, लाल जाते किल्ली फिरवल्यावर करंट येणाऱ्या फ्यूजवर, काळी बॉडीला. लाल वायर मेली की कॅमेऱ्याला कळतं, मालक उतरला, आता पार्किंगची ड्यूटी. आणि डबीवर एक नखाएवढा खटका असतो. बॅटरी किती उतरली की कॅमेऱ्याचं जेवण बंद करायचं, ते त्यावर ठरवायचं. ११.८, १२.०, १२.२ किंवा १२.४.

आता इथे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे पोरगा घाईत पिवळी आणि लाल दोन्ही एकाच फ्यूजला देऊन मोकळा होतो. कॅमेऱ्याला वाटतं गाडी चालूनच राहिली आहे, आणि तो रात्रभर पूर्ण वेगाने, पूर्ण तपशिलात, स्थिर कडुनिंबाचं चित्रण करतो. दुसरी म्हणजे खटका ११.८ वर ठेवतो, कारण "तिथे जास्त वेळ चालते काका". जास्त वेळ चालते हे खरंच आहे. फाशीच्या दोरीलाही लांबी जास्त असते. ११.८ ला जेवण बंद करणं म्हणजे पंगत उठल्यावर वाढप्याला आवरायला सांगणं. नागपूरकराने हा खटका १२.२ वर ठेवावा. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर १२.४ वर. आणि वायर एअरबॅगच्या फ्यूजवरून काढू देऊ नये, मग पोरगा कितीही आत्मविश्वासाने "काही होत नाही" म्हणो.

बरं, बॅटरीतून काढलेलं परतही करावं लागतं. प्रताप नगरातून त्रिमूर्ती नगरला भाजीला, लक्ष्मी नगरला केमिस्टकडे, फार तर खामल्याला बहिणीकडे. दहा मिनिटांचा प्रवास, त्यात एसी चौथ्या नंबरवर, हेडलाइट चालू. अल्टरनेटर बॅटरीला जे काही पाठवतो त्याला भरपाई म्हणणं अवघड आहे. एका रात्रीचे ३ अँपिअर-तास परत करायला सलग अर्धा-पाऊण तास तरी गाडी फिरायला हवी, कारण शिशाची बॅटरी घाईने घेत नाही. काकांना हे कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून ते जेवण झालं की काकूंना घेऊन वर्धा रोडवर जातात. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असलेला तो ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल एकदा जाऊन, एकदा येऊन. काकू सुरुवातीला लाजल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांनी रोज रात्री फिरायला नेतात म्हणजे काय! मग त्यांच्या लक्षात आलं की काका बोलत नाहीत, व्होल्टमीटरकडे पाहून राहिले आहेत. आता त्या घरी बसून मालिका पाहतात. काका एकटे जातात, ज्या गाडीला कोणी हात लावत नाही तिच्यावर पहारा देणाऱ्या कॅमेऱ्याला खाऊ घालायला रोज पेट्रोल जाळतात.

स्कीमच्या दुसऱ्या माळ्यावरच्या साहेबांनी याहून वरताण केली. त्यांच्याकडे पुढे-मागे दोन कॅमेरे, किट व्यवस्थित, खटका १२.२ वर. सगळं शास्त्रशुद्ध. आणि साहेब गाडीला मनापासून जपणारे, त्यामुळे रोज रात्री गाडीवर चंदेरी कव्हर. कॅमेऱ्याने कित्येक रात्री त्या कव्हरची आतली बाजू टिपली. अतिशय स्पष्ट, धागा न् धागा मोजता येईल अशी. वाऱ्याने कव्हर फडफडलं की हालचाल ओळखणारी यंत्रणा दचकून जागी व्हायची आणि पुरावा म्हणून वेगळी फाइल करायची. मागच्या कॅमेऱ्यानेही तेच. फाइलींवर फाइली, तारीख-वेळेसह, कव्हरच्या. साहेबांनी त्या डिलीट केल्या नाहीत म्हणतात, न जाणो कधी लागल्या तर.

लोक टाइमलॅप्सवर फार विश्वास ठेवतात. सेकंदाला एकच फोटो काढला म्हणजे वीजही तितकीच कमी लागेल, असा भाबडा तर्क. प्रत्यक्षात फोटो एक काढा की तीस, कॅमेऱ्याचा मेंदू जागाच असतो आणि खाणं जवळपास तेवढंच. टाइमलॅप्सने वाचतं ते मेमरी कार्ड. बॅटरी वाचवायची तर धक्का बसला तरच जागं होणारा मोड निवडावा लागतो. त्यात कॅमेरा खरोखर झोपतो आणि फार थोडी वीज लागते. पण आमच्याकडे त्याला झोप लागेल तर ना. लग्नसराईत डीजे गल्लीतून गेला की त्याच्या दणक्याने गाडीची काच थरथरते, आणि कॅमेरा तो आघात समजून वरात पहिल्यापासून शेवटपर्यंत जपून ठेवतो. नवरदेवाचा मामा नागीण डान्स करतो आहे, असं चित्रण आमच्या गल्लीत एकाहून अधिक गाड्यांत सापडेल.

आणि हे सगळं नागपुरात. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता आणि २०१८ च्या डिसेंबरात ३.५ पर्यंत उतरला होता. थंडीत बॅटरी सुस्तावते हे सर्वांना माहीत असतं, कारण तेव्हा गाडी सुरू होत नाही. पण तिला खरं मारतं ते ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीची आपोआप गळती साधारण दुप्पट होते, आणि पट्ट्यांची झीजही वाढते. नवतपाच्या फोडून काढणाऱ्या उन्हाळ्यात शिजलेली बॅटरी डिसेंबरात मरते आणि नाव थंडीचं होतं. उन्हात यंत्रांचं काय होतं याचा पुरावा हवा असेल तर ३० मे २०२४ आठवा. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले, बातमी गावभर झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सरकारी सेन्सरची ही गत, तर काचेमागे चिकटवलेल्या कॅमेऱ्याकडून काय अपेक्षा करायची! मे महिन्यात त्याची दोन बाजूंनी चिकटणारी टेप पाघळते, तो डॅशबोर्डवर उताणा पडतो आणि पुढची सगळी ड्यूटी छताकडे पाहत करतो.

म्हणूनच डॅशबोर्डच्या खणात पॉवर बँक ठेवून कॅमेरा चालवण्याची जी हुशारी काही तरुण करतात, ती इथे करू नये. बंद गाडीत दुपारी पारा साठीच्या पुढे जातो. लिथियमच्या बॅटरीला पंचेचाळीसच्या वर चार्ज होणं सोसत नाही. कॅमेरा घेतानाही आत छोटी लिथियम बॅटरी असलेला न घेता सुपरकपॅसिटरवाला घ्यावा, तो उन्हात फुगत नाही. डॅशकॅमसाठी खास लिथियम आयर्न फॉस्फेटचा वेगळा बॅटरी पॅक मिळतो. गाडी चालताना तो भरतो, उभी असताना तोच कॅमेऱ्याला पोसतो आणि गाडीच्या बॅटरीला कोणी हातही लावत नाही. तोडगा म्हणून हा सर्वात चोख. फक्त तो बरेचदा कॅमेऱ्याहून महाग पडतो, आणि मग त्या पॅकची चोरी होऊ नये म्हणून काय करायचं हा नवा प्रश्न काका वहीत लिहून ठेवतात.

इलेक्ट्रिक गाडीवाले हे सगळं ऐकून गालात हसतात. त्यांच्या पोटाखाली तीस-तीस युनिट विजेचं कोठार. पण त्यांच्याही बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली हीच बारा व्होल्टची बॅटरी बसलेली असते, तिच्यात अर्धं युनिटही मावत नाही, आणि दरवाजे, कॉम्प्युटर, गाडी सुरू करण्याची परवानगी हे सगळं तिच्या हातात. ती झोपली की अमरावतीपर्यंतच्या अख्ख्या वाटेची वीज पोटात घेऊन गाडी कडुनिंबाखाली मुकाट उभी राहते. दारसुद्धा किल्लीच्या आत लपवलेल्या खऱ्याखुऱ्या लोखंडी किल्लीने उघडावं लागतं, आणि तशी काही किल्ली असते हे मालकाला त्याच सकाळी कळतं.

पूर्वी गाडी बंद पडली की गल्ली धक्का मारायची. फियाट असो की अँबॅसिडर, चार पोरं मागे लागली की कोपऱ्यापर्यंत जाताना सुरू व्हायची. आता पोरं धावत येतात.

"काहून बंद पडली?"

"कॅमेरा चालून राहिला होता ना रात्रभर."

"धक्का मारू का?"

"ऑटोमॅटिक आहे."

सगळे हात कमरेवर जातात. मग जंपर केबल निघते आणि वाद सुरू होतो. "आधी लाल लाव." "कोणत्या गाडीला?" "मेलेल्या." "मेलेली कोणती ते पाहून घ्या ना भाऊ आधी!" या वादाचं उत्तर छापील आहे. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग जिवंतच्या प्लसला. काळी जिवंतच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटची जोडणी ठिणगी उडवते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. प्रताप नगरात हे उत्तर निदान चार जणांना पाठ आहे. चौघांचं वेगवेगळं.

आणि इतकं करून रेघ ओढणारा सापडतो का? क्वचित सापडतो. बहुधा रेघ मागच्या दारावर असते आणि कॅमेरा पुढे पाहत असतो. दोन्हीकडे कॅमेरा असला तरी रात्री समोरच्या हेडलाइटच्या उजेडात नंबर प्लेट पांढरी फटक दिसते. नंबर वाचता आलाच, तर राणाप्रताप नगर पोलीस ठाणं जवळच आहे. पण प्रकरण न्यायालयापर्यंत न्यायचं म्हटलं, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या चित्रणाबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. दारावरच्या रेघेसाठी एवढी हिंमत दाखवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. बहुतेक जण डेंटिंगवाल्याकडे जातात. तो रेघेवरून बोट फिरवून सांगतो, "गायीचं काम आहे साहेब."

माझं म्हणाल तर, कॅमेरा जरूर लावावा. वर्धा रोडवर उलट्या बाजूने येणारा दुचाकीस्वार पाहिला की त्याची किंमत वसूल होते. उभ्या गाडीचा पहारा मात्र रात्रीपुरता ठेवावा, तोही रोज गाडी अर्धा तास तरी बाहेर काढत असाल तर. खटका १२.२ वर आहे का हे वायर लावणाऱ्या पोरासमोरच पाहून घ्या. कव्हर टाकणार असाल तर कॅमेरा बंद करा. आणि तीन दिवस लग्नाला जाणार असाल तर पिवळ्या वायरचा फ्यूज काढून घरच्या किल्ल्यांसोबत ठेवा, म्हणजे परत आल्यावर तो सापडेल तरी.